पास, नापास आणि ‘उगवतंय’

१९३८ सालच्या ऑक्टोबरात मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावातलं एक जोडपं आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन बाल्टिमोरला आलं. मुलाचं नाव डोनाल्ड ट्रिप्लेट. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्याकडे वडिलांनी आधीच ३३ पानांचं पत्र धाडलं होतं. मुलगा वर्षाचा असल्यापासून कितीतरी गाण्यांच्या चाली बिनचूक गुणगुणायचा. पुढे लवकरच तो मुळाक्षरं सुलटी-उलटी म्हणू लागला, शंभरापर्यंत मोजू लागला. पण वडील घरी आले तरी त्याचं तिकडे लक्ष जायचं नाही. कॅनरनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांवर शोधनिबंध लिहिला. स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, अभ्यासाची सुरुवात बहुतेक जण त्या निबंधापासून मोजतात. डोनाल्ड त्यातला पहिला मुलगा.

त्या निबंधातली एक छोटी नोंद पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. डोनाल्डला ‘हो’ आणि ‘नाही’ शिकवायचं म्हणून वडिलांनी एकदा विचारलं, की खांद्यावर बसायचंय का? बसायचं असेल तर ‘हो’ म्हण, नसेल तर ‘नाही’ म्हण. डोनाल्ड ‘हो’ म्हणाला. त्यानंतर बराच काळ त्याच्या लेखी ‘हो’चा अर्थ एकच राहिला: मला खांद्यावर घ्या.

आता या मुलाला कुणी ‘हो-नाही’ची चाचणी दिली असती तर? दूध हवंय का, बाहेर जायचंय का, हे चित्र मांजराचं आहे का? प्रत्येक प्रश्नाला शून्य. अहवालात लिहिलं गेलं असतं, की होकार-नकाराची समज नाही. पण डोनाल्ड शिकला होता! एका धड्यात शिकला होता, आणि शिकलेलं विसरला नव्हता. शब्द, प्रसंग, उंचावरून दिसणारं घर, वडिलांचा खांदा हे सगळं त्याच्या मनात एकत्र, अख्खं उतरलं होतं. त्यातून फक्त ‘होकार’ वेगळा काढून दुसऱ्या प्रसंगाला लावायचा, हे पाऊल अजून पडलं नव्हतं.

शून्य सांगतं की येत नाही. ही नोंद सांगते की मूल कसं शिकतं, आणि म्हणून पुढे काय करायचं: हाच ‘हो’ आता झोपाळ्यावर, मग खाऊच्या डब्यापाशी, मग आंघोळीच्या वेळी भेटवायचा. तीन ते सहा वर्षांच्या स्वमग्न मुलांचं मूल्यमापन करणाऱ्या चांगल्या माणसांनी गेल्या काही दशकांत जे शोधलं, त्याचं सार या एका फरकात आहे. आणि त्या शोधाची गोष्ट विलक्षण आहे.

एका साध्या प्रश्नाच्या पोटात काय असतं?

टेबलावर सहा लाकडी ठोकळे आहेत. समोर बसलेल्या ताई म्हणतात, “माझ्यासारखा मनोरा कर बरं.” चार वर्षांचं मूल ठोकळे उचलतं, एका रांगेत लावतं, डोकं टेबलाला टेकवून त्या रांगेच्या कडेकडे बघत राहतं. मनोरा नाही, म्हणजे गुण नाही.

पण त्या प्रश्नानं मुलाकडे किती गोष्टी मागितल्या ते पाहू. बोललेलं वाक्य ऐकून त्याचा अर्थ लावायचा. ‘माझ्यासारखा’ म्हणजे या अनोळखी बाईंच्या हातांकडे बघायचं, हे ओळखायचं. ठोकळ्याच्या कडेत गुंतलेलं लक्ष तिथून सोडवायचं. दोन्ही हातांचा मेळ घालायचा. आणि या बाईंनी ‘शाब्बास’ म्हणावं असं मनापासून वाटायचं. यातलं एक जरी अडलं, तरी कागदावर उमटतं तेच शून्य. मनोऱ्याची कल्पना मुलाला आहे की नाही, हे त्या शून्यातून कळत नाही.

हे नुसतं तर्कानं सांगितलेलं नाही. २००७ मध्ये मिशेल डॉसन, लॉरां मॉत्रों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांना दोन प्रकारच्या बुद्धिमत्ता चाचण्या दिल्या. एक वेक्सलरची, जिच्यात बोलून विचारलेले प्रश्न बरेच असतात. दुसरी रेव्हनची, जिच्यात आकृत्यांच्या नक्षीतला हरवलेला तुकडा शोधायचा असतो आणि भाषेचं काम जवळजवळ नसतं. त्याच मुलांचा रेव्हनमधला क्रम वेक्सलरपेक्षा सरासरी ३० शतमकांनी वर निघाला, काहींचा तर ७० शतमकांहूनही वर. इतर मुलांमध्ये असा फरक दिसला नाही. डॉसन स्वतः स्वमग्न आहेत, हेही इथे सांगायला हवं.

पुढे २०१५ मध्ये माँट्रियलच्या व्हॅलेरी कूर्शेन आणि सहकाऱ्यांनी आणखी अवघड प्रश्न हाती घेतला. फारच थोडं बोलणारी किंवा मुळीच न बोलणारी, सहा ते बारा वर्षांची ३० स्वमग्न मुलं त्यांनी निवडली. वेक्सलरची चाचणी यांतल्या एकालाही पूर्ण करता आली नाही. मग रेव्हनची चाचणी लाकडी फळीवर, तुकडे हातात घेऊन बसवता येतील अशा रूपात दिली. ३० पैकी २६ मुलांनी ती पूर्ण केली. ज्यांना ‘चाचणी घेता येत नाही’ असा शेरा मिळाला असता, ती मुलं कोडी सोडवत होती!

ही मुलं शाळेच्या वयाची. बालवाडीच्या वयात तर ही अडचण अधिकच, कारण टेबलाशी बसणं, सांगितलेलं करणं हेच तेव्हा नवं असतं. मग इतक्या लहान मुलाला पाहायचं कसं?

साबणाचे फुगे

फुगे उडवून.

कॅथरीन लॉर्ड, मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘एडॉस’ ही निरीक्षणपद्धत आज जगभर वापरली जाते. लहान मुलांसाठी तिच्यात प्रश्नोत्तरं नसतातच म्हटलं तरी चालेल. तिच्यात साबणाचे फुगे आहेत, रबरी फुगा आहे, बाहुलीचा वाढदिवस आहे, खाऊ आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, तज्ज्ञ आणि मूल नुसतं खेळताहेत. प्रत्यक्षात तिथला क्षण न् क्षण आखलेला असतो.

तज्ज्ञ फुगे उडवतात. खोलीभर रंग तरंगतात. मग त्या थांबतात, बाटलीचं झाकण घट्ट लावतात, आणि काही बोलत नाहीत. या शांततेत मूल काय करतं?

एक मूल आईकडे वळून हसतं, जणू विचारतं, पाहिलंस का? दुसरं तज्ज्ञांकडे बघतं, बाटलीकडे बघतं, पुन्हा त्यांच्याकडे बघतं. तिसरं बाटली स्वतःच उघडू पाहतं. चौथं तज्ज्ञांचं मनगट धरून त्यांचा हात झाकणावर नेऊन ठेवतं, पण चेहऱ्याकडे बघत नाही. पाचवं शेवटच्या फुग्यावर सरकणारे रंग पाहण्यात हरवून जातं.

चौथ्या मुलाकडे जरा थांबू. ‘नजर देत नाही, मागत नाही’ असं लिहून मोकळं होता येतं. पण त्याला काय काय माहीत आहे बघा! फुगे बाटलीतून येतात. बाटली बंद आहे. झाकण मला उघडत नाही. या व्यक्तीला उघडतं. तिचा हात तिथे पोहोचला तर फुगे पुन्हा येतील. कारण, परिणाम, आठवण आणि योजना सगळं जागेवर आहे. त्या हाताच्या मागे एक माणूस आहे, तिच्याकडे बघून मागता येतं, एवढाच दुवा अजून जुळायचा आहे. पुढच्या महिन्यात काय शिकवायचं, ते या मुलानं स्वतःच सांगून टाकलं.

‘दे’चं बोट, ‘बघ’चं बोट

मूल वर्षाचं होण्याच्या सुमारास बोट दाखवू लागतं. १९७५ मध्ये एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या दोन इटालियन सहकाऱ्यांनी या बोटामागचे दोन वेगळे हेतू मांडले. फळीवरच्या बिस्किटाकडे दाखवलेलं बोट म्हणतं, दे. आकाशातल्या चांदोबाकडे दाखवलेलं बोट म्हणतं, बघ. दुसऱ्या बोटानं मुलाला हातात काहीच मिळत नाही. दोघांनी मिळून चंद्र पाहिला, एवढंच मिळतं. स्वमग्न मुलांत ‘दे’चं बोट बहुधा येतं, कधी उशिरा येतं, ‘बघ’चं बोट मात्र पुष्कळदा फार उशिरा येतं, किंवा येतच नाही.

याचा शिकण्याशी काय संबंध? फार खोल संबंध आहे. भाषेचा पाया या ‘बघ’वर उभा असतो. आई खिडकीबाहेर बघत ‘खारूताई’ म्हणते. मूल तिच्या नजरेचा माग काढतं, खार दिसते, शब्द खारीला चिकटतो. १९९७ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, डेअर बॉल्डविन आणि मेरी क्राउसन यांनी हे फार सुंदर तपासलं. मुलाच्या हातात एक अनोळखी खेळणं, संशोधकाच्या समोर दुसरं. संशोधक आपल्या खेळण्याकडे बघत एक नवाच शब्द उच्चारतो. मूल ऐन तेव्हा स्वतःच्या खेळण्याकडे बघत असतं. शब्द कशाचा? दोन वर्षांची बहुतेक मुलं मान वर करून बोलणाऱ्याची नजर बघतात आणि शब्द त्याच्या खेळण्याला लावतात. स्वमग्न मुलांपैकी बऱ्याच जणांनी तो शब्द स्वतःच्या हातातल्या खेळण्याला लावला.

म्हणजे शब्द पकडला गेला होता, लक्षातही राहिला होता. तो भलत्याच वस्तूला चिकटला होता. अशा घरात आई दिवसभर बोलते, मूल दिवसभर ऐकतं, आणि शब्द चुकीच्या जागी जाऊन बसत राहतात.

पण हीच गोष्ट उलटीकडून पाहिली तर तिच्यात मोठी आशा आहे. मूल आपल्या नजरेमागे येत नसेल, तर आपण त्याच्या नजरेमागे जाऊ शकतो. ते पंख्याकडे बघत असताना ‘पंखा’ म्हणू शकतो. मग शब्द बरोबर जागी पडेल. मायकेल सिलर आणि मरियन सिगमन यांनी २००२ मध्ये दाखवलं, की खेळताना मुलाचं लक्ष जिथे आहे तिथेच आपलं बोलणं नेणाऱ्या पालकांच्या स्वमग्न मुलांची भाषा एका वर्षानं, दहा वर्षांनी आणि सोळा वर्षांनीही इतर स्वमग्न मुलांपेक्षा पुढे होती.

टाळी कुठे वाजते, तिथे

नजर माणसाकडे जात नाही, तर जाते कुठे? अमी क्लिन आणि वॉरन जोन्स यांच्या गटानं २००९ मध्ये याचं एक चकित करणारं उत्तर दिलं. माणसाच्या शरीरावर सांध्यांपाशी दिवे लावून फक्त त्या ठिपक्यांची हालचाल पडद्यावर दाखवली, तरी आपल्याला त्यात चालणारा माणूस दिसतो. अगदी तान्ह्या बाळांनाही असे ठिपके बघायला आवडतात. संशोधकांनी पडद्याच्या एका बाजूला सरळ माणूस आणि दुसऱ्या बाजूला उलटा केलेला माणूस दाखवला. सोबत आवाज एकच. दोन वर्षांची इतर मुलं सरळ माणसाकडे बघत होती. स्वमग्न मुलांचा कल कुठल्याच बाजूला नव्हता.

अपवाद एकाच खेळाचा. टाळ्या वाजवण्याचा खेळ पडद्यावर आला, तेव्हा एका स्वमग्न मुलीची नजर सरळ माणसाकडे खिळली. का? कारण तिथे दोन ठिपके एकमेकांवर आदळायचे आणि नेमक्या त्याच क्षणी ‘टप्’ असा आवाज यायचा. मग संशोधकांनी सगळ्याच दृश्यांत हालचाल आणि आवाज यांचा मेळ किती आहे ते मोजलं, आणि स्वमग्न मुलं कुठे बघणार याचा अंदाज त्या मोजमापावरून बांधता आला.

आपण ज्याला ‘दुर्लक्ष’ म्हणतो, तिथे अत्यंत काटेकोर लक्ष होतं! ते माणसाच्या आकाराऐवजी आवाज आणि हालचाल एकत्र येण्याच्या क्षणावर होतं. दोन वर्षांचं मूल, ज्याला कुणी काही शिकवलेलं नाही, जगातला एक सूक्ष्म मेळ आपणहून टिपत होतं. हे कळल्यावर बालवाडीतल्या टाळ्यांच्या गाण्याकडे, झांजांकडे, ढोलकीकडे नव्या नजरेनं बघावंसं वाटतं.

तिसरा रकाना

आता या सगळ्याचं रोजच्या शिकवण्यात रूपांतर कसं करायचं? याचं सर्वांत व्यवहार्य उत्तर एरिक शॉप्लर यांनी दिलं. १९६०च्या दशकात, आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं असं अमेरिकेतली नामवंत मंडळी सांगत होती. ब्रुनो बेटलहाइम त्यांत आघाडीवर होते. शॉप्लर शिकागोत त्यांच्याच हाताखाली शिकले होते, आणि त्यांना हे मुळीच पटलं नाही. नॉर्थ कॅरोलायनात त्यांनी पालकांना दोषी ठरवण्याऐवजी सहशिक्षक म्हणून सोबत घेतलं. १९७२ मध्ये त्या राज्यानं त्यांचा ‘टीच’ हा कार्यक्रम राज्यभर लागू केला.

शॉप्लर आणि रॉबर्ट रायक्लर यांनी १९७९ मध्ये एक मूल्यमापन पद्धत प्रसिद्ध केली. तिचं नाव ‘पेप’. तिच्यात बोलून सूचना फार थोड्या, वस्तू हातात धरता येतील अशा, क्रम मुलाच्या कलानं बदलता येणारा, आणि घड्याळाची घाई जवळजवळ नाही. पण तिचं खरं वैशिष्ट्य गुण देण्यात आहे. पास आणि नापास यांच्या मध्ये तिथे एक तिसरा शेरा आहे. त्याला मराठीत ‘उगवतंय’ म्हणू या.

समजा, गोल, चौकोन, त्रिकोण बसवायची फळी समोर आहे. मूल तिन्ही आकार बसवतं, तर पास. फळी ढकलून देतं, तर नापास. पण ते गोल उचलतं, गोल खाचेपर्यंत नेतं, तिथे थबकतं, आणि ताईंनी खाचेवर बोट टेकवल्यावर आत दाबतं, तर ‘उगवतंय’. मातीचा साप लाटताना ताईंच्या हाताकडे बघतं, मातीवर तळवा ठेवतं, पण फिरवत नाही, तर तेही ‘उगवतंय’. साध्या चाचणीत या दोन्ही ठिकाणी शून्य पडलं असतं.

शिकवणं सुरू होतं ते या तिसऱ्या रकान्यापासून. पास झालेलंच घोटत बसलं तर मूल कंटाळतं. नापास झालेलं घेऊन बसलं तर ते रोज हरतं, आणि शिकवणाराही हरतो. ‘उगवतंय’ तिथे थोड्या मदतीनं आज, या आठवड्यात काहीतरी जमतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३०च्या दशकात हाच विचार सगळ्या मुलांसाठी मांडला होता. दोन मुलं एकट्यानं आठ वर्षांच्या पातळीची गणितं सोडवतात. पण थोडी मदत मिळताच एक नऊच्या आणि दुसरं बाराच्या पातळीला पोहोचतं. मग ती दोघं सारखी कशी?

स्वमग्न मुलांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न जोडावा लागतो, की मदत कुठली? तेच वाक्य मोठ्यानं पुन्हा सांगून बहुधा काही होत नाही. करून दाखवलं तर होतं का? बोट टेकवून? चित्र दाखवून? हात हातात धरून? ज्या मदतीनं दार उघडलं ती मदत अहवालात लिहिलीच पाहिजे. आणि ताईंच्या टेबलावर जमलेलं घरच्या ओट्यापाशी जमतं का, हेही पाहिलं पाहिजे. डोनाल्डचा ‘हो’ एकाच खांद्यावर अडकला होता, हे विसरून चालत नाही.

मुलाच्या वाटेनं

या मदतीचे काही प्रकार इतके साधे आहेत, की त्यांचा परिणाम पाहून थक्क व्हायला होतं. बालवाडीच्या भिंतीवर मुलाच्या उंचीला पाच चित्रं लावायची: चप्पल काढ, दप्तर खुंटीला, चटईवर बस, गाणं, डबा. एक झालं की ते चित्र काढून खालच्या खोक्यात टाकायचं. बोललेला शब्द उच्चारताक्षणी विरून जातो; चित्र जागेवर थांबतं, त्याच्याकडे हवं तेवढा वेळ बघता येतं. पुढे काय होणार याची धास्ती ज्या मुलाला रडवत होती, त्याला ‘डबा’ कुठे आहे ते आता डोळ्यांनी दिसतं.

दुसरी गोष्ट नकलेची, पण उलट्या दिशेनं. फ्रान्समधल्या जॅकलिन नाडेल यांनी २००० साली एका खोलीत प्रत्येक खेळणं दोन-दोन ठेवलं. आधी एक अनोळखी बाई चेहरा निश्चल ठेवून नुसती बसली. न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांनी तिच्याकडे जवळजवळ पाहिलंच नाही. मग तिनं तीन मिनिटं मूल जे करेल ते तसंच केलं. नंतर ती पुन्हा निश्चल बसली. आता तीच मुलं तिच्याकडे बघू लागली, जवळ आली, तिला हलवून पाहू लागली. कुणीतरी माझ्यासारखं वागतंय, म्हणजे तिच्याशी काही घडू शकतं, ही अपेक्षा त्यांच्यात जागी झाली होती. तीन मिनिटांत!

तिसरी गोष्ट मुलाच्या वेडाची. डोनाल्ड नऊ वर्षांचा असल्यापासून काही वर्षं मिसिसिपीतल्या एका शेतकरी जोडप्याकडे राहत होता. कॅनर तिथे गेले तेव्हा त्यांनी पाहिलं ते असं: मुलाला मोजमापाचं वेड, म्हणून त्या जोडप्यानं त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजायला सांगितली होती. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजायचा, तेव्हा नांगरताना मोज म्हणाले. तो घोडा आणि नांगर सफाईनं हाकत होता. या दोघांनी कुठली पद्धत शिकली नव्हती. मुलाला जे खेचतं त्याच्याशी न भांडता त्यांनी ते कामाला जोडलं. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, गावातल्या बँकेत नोकरी केली, एकटा देशोदेशी फिरला, आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९व्या वर्षी वारला.

आणि चौथी गोष्ट, पोपटपंची म्हणून ज्याला आपण हिणवतो ती. मूल पाण्याचा पेला बघून म्हणतं, “पाणी हवंय का तुला?” आईनं रोज विचारलेला प्रश्न ते जसाच्या तसा परत देतं, अगदी तिच्या सुरात. बॅरी प्रिझंट आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा प्रतिध्वनींचा बारकाईनं अभ्यास केला. कधी ती मागणी असते, कधी होकार, कधी ‘आता माझी पाळी’, कधी स्वतःला दिलेला धीर. ते वाक्य थांबवायचं नसतं. ‘मला पाणी हवंय’ असं म्हणून त्याच्या जागी बसणारं वाक्य त्याला द्यायचं असतं, आणि लगेच पाणीही.

गोव्यातला एक प्रयोग

हे सगळं अमेरिका-युरोपातल्या महागड्या केंद्रांतच जमतं का? याचं उत्तर आपल्या शेजारी सापडतं. ब्रिटनमध्ये जोनाथन ग्रीन यांच्या गटानं ‘पॅक्ट’ नावाची पद्धत विकसित केली होती. पालक आणि मूल खेळत असताना व्हिडिओ घ्यायचा, मग पालकासोबत बसून तो पाहायचा: इथे बघा, तो गाडीच्या चाकाकडे बघत होता, तुम्ही ‘चाक’ म्हणालात आणि त्यानं मान वर केली. गोव्यातली ‘संगथ’ ही संस्था आणि रावळपिंडीतले सहकारी यांनी ही पद्धत दक्षिण आशियासाठी घडवली, आणि ती शिकवायला तज्ज्ञ डॉक्टरांऐवजी प्रशिक्षण दिलेले सर्वसाधारण आरोग्यसेवक नेमले. दर पंधरवड्याला एक, अशी सहा महिन्यांत १२ सत्रं. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं.

२०१५च्या अखेरीस निकाल आला. पालकांचं बोलणं मुलाच्या लक्षाशी अधिक जुळू लागलं होतं, आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं होतं. दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र काहीसा घटला, हेही त्यांनी मोकळेपणानं नोंदवलं. तरी मुख्य गोष्ट सिद्ध झाली. मुलाच्या नजरेमागे जायला शिकवता येतं, आणि ते शिकवणाऱ्याकडे मोठी पदवी असावीच लागते असं नाही.

आपल्याकडे याला फार अर्थ आहे. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी अशी सोय २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेला जागा आहे. प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. सवलती आणि हक्क मिळवायला ते प्रमाणपत्र हवंच. पण त्याचं काम अडचण किती हे सांगण्याचं. सोमवारी सकाळी बालवाडीत काय करायचं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी तिसऱ्या रकान्याची नोंद वेगळी ठेवावी लागते. आणि ती आपल्या घरातली हवी. ज्या मुलानं वाढदिवसाला केक पाहिलाच नाही, पाट, रांगोळी आणि औक्षणच पाहिलं आहे, त्याचा बाहुलीशी खेळ पाहताना हे ध्यानात घ्यायला हवं. प्रमाणित चाचणीचे नियम बदलता येत नाहीत. पण शिकवण्यासाठी निरीक्षण करताना बाहुलीला वरणभात भरवून बघायला कुणाची हरकत नाही.

घाई कशाची, धीर कशाचा

‘याचे बाबाही उशिराच बोलले होते’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. कधी ते खरं ठरतं. पण वाट बघत बसायचं कारण नाही, कारण मुलाच्या नजरेमागे जाणं, चित्रं लावणं, त्याची नक्कल करणं यांसाठी निदानाच्या शिक्क्याची गरज नसते, आणि यातून कुठल्याही मुलाचं नुकसान होत नाही. निदानासाठी विकासतज्ज्ञांकडे नाव नोंदवा, आणि खेळ आजच सुरू करा. कॉनी कसारी यांच्या गटानं २००६ मध्ये तीन-चार वर्षांच्या ५८ मुलांसोबत असाच खेळाचा प्रयोग केला होता: रोज अर्धा तास, पाच-सहा आठवडे. एकत्र लक्ष देणं आणि कल्पनेनं खेळणं या दोन्हींत स्पष्ट फरक पडला.

घाई सुरुवात करण्याची हवी. निकालासाठी धीर हवा. २०१३ मध्ये अमेरिकेत ५३५ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, ज्यांना चौथ्या वर्षी वाक्यं जुळवता येत नव्हती. आठ वर्षांची किंवा त्याहून मोठी झाल्यावर त्यांतली ७० टक्के मुलं निदान छोटी वाक्यं बोलत होती, आणि ४७ टक्के अस्खलित. जी बोलली नाहीत, त्यांच्यासाठीही चित्रं, खुणा, बोलणारी उपकरणं हे संवादाचे पूर्ण सन्मानाचे मार्ग आहेत.

एक सावधगिरीही सांगायला हवी. १९८७ मध्ये इवार लोवास यांनी आठवड्याला ४० तासांच्या शिकवणीतून १९ पैकी ९ मुलं सर्वसाधारण वर्गात गेल्याचं जाहीर केलं, आणि जगभरातल्या पालकांना आशा वाटली. पण त्या शिकवणीत ओरडणं आणि मांडीवर चापटी मारणंही होतं. अशा वातावरणातून गेलेली अनेक स्वमग्न माणसं मोठेपणी आपल्या वेदना सांगताहेत, आणि त्यांचं ऐकणं आपलं कर्तव्य आहे. २०२० मध्ये १५० अहवाल एकत्र तपासणाऱ्या एका मोठ्या आढाव्यानं, खेळातून आणि रोजच्या व्यवहारातून शिकवणाऱ्या पद्धतींच्या बाजूनं आश्वासक पुरावा असल्याचं सांगितलं. मुलाला डोळ्यांत बघायला भाग पाडणं, हात फडफडवणं बंद पाडणं हे शिकवण्याचं उद्दिष्ट असू नये. त्याला हवं ते सांगता यावं, भीती कमी व्हावी, त्याच्या आवडीतून जग मोठं व्हावं, हे उद्दिष्ट.

म्हणून, तुमच्या ओळखीतल्या एखाद्या घरी असा अहवाल आला तर आकड्यापाशी थांबू नका. तज्ज्ञांना चार प्रश्न विचारा. काय उगवतंय? कुठल्या मदतीनं? कुणासोबत? कुठल्या जागी? उत्तरं मिळाली नाहीत तर आई, आजी, बालवाडीच्या ताई आणि मदतनीस यांनी मिळून आठवडाभर वहीत लिहावं: आज त्यानं माझा हात धरून नळापाशी नेलं, आज चित्र बघून चप्पल काढली, सांगितल्यावर नाही, आज कुकरच्या शिट्टीला हसला आणि माझ्याकडे बघितलं. अशा दहा ओळी जमल्या, की पुढचा धडा कुठून सुरू करायचा हे कुठल्याही छापील चाचणीइतकं नेमकं कळू लागतं. प्रत्येक मूल शिकतच असतं. त्याची शिकण्याची रीत ओळखणं ही आपली परीक्षा आहे, आणि ती आपल्याला पास होता येते.